हात गेला तरी हक्क जात नाही

(बाभुळगाव येथील पालक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)





संस्थेच्या चिटणीसांनी मला निमंत्रण दिले तेव्हा "शिक्षणाचे महत्त्व" या विषयावर चार शब्द बोला, असे सुचविले होते. मी त्यांची क्षमा मागून विषय बदलून घेतला. शिक्षणाचे महत्त्व आपणांस पटलेलेच आहे. ते पटले नसते तर एका दिवसाची मजुरी बुडवून आपण या मंडपात येऊन बसला नसता. आपल्या वस्तीतले मूल शाळा सोडते ते बहुधा आईबापांना शिक्षणाची किंमत कळत नाही म्हणून सोडत नाही. घरातला कमावता हात अचानक थांबतो आणि त्या हाताच्या जागी मुलाचा हात लागतो, म्हणून सोडते. तेव्हा कमावता माणूस कामावर अपंग झाला, किंवा दुर्दैवाने दगावला, तर त्याच्या बायकामुलांना कायद्याने आणि सरकारने काय देऊ केले आहे, हे आज मी सांगणार आहे. ज्या घराला हे ठाऊक असते त्या घरातले मूल वर्गात टिकते, असा माझा अनुभव आहे.

प्रथम माझ्या घरची हकीकत सांगतो. १९७६ साली मी आठवीत होतो. माझे अब्बा एका जिनिंगमध्ये कामाला होते. त्या कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही, तो कधीच बंद पडला. कापसाच्या हंगामात एका रात्रपाळीत पट्ट्यात सापडून अब्बांचा उजवा हात मनगटापासून गेला. मालक वाईट माणूस नव्हता. त्याने दवाखान्याचा खर्च दिला, वर पाचशे रुपये अम्मीच्या पदरात टाकले आणि एका स्टँपच्या कागदावर तिचा व अब्बांच्या डाव्या हाताचा अंगठा घेतला. "आता आमचे काही घेणे राहिले नाही" असे त्या कागदावर लिहिले होते. आमच्या घरात तो वाचू शकणारे दोघेच होतो, मी आणि माझी मोठी बहीण. वाचला, पण समजला नाही. पुढच्या आठवड्यात बहिणीचे नाव शाळेतून काढले आणि ती कापूस वेचायला जाऊ लागली. वर्षभराने माझेही शिक्षण सुटले. ती माझ्यापेक्षा हुशार होती, हे मी आजही सर्वांसमोर कबूल करतो.

पुढे मी यवतमाळला एका वकिलांकडे कारकून म्हणून लागलो आणि बाहेरून मॅट्रिक झालो. एके दिवशी कपाटातले एक पुस्तक पुसताना उघडले. तो १९२३ सालचा कामगार नुकसानभरपाईचा कायदा होता. त्याच्या सतराव्या कलमात लिहिले होते की, कामगाराने भरपाईचा हक्क सोडून देणारा कोणताही करार केला तरी तो रद्दबातल आहे. म्हणजे ज्या कागदामुळे आम्ही अकरा वर्षे गप्प बसलो, त्या कागदाला काडीची किंमत नव्हती! आणि तो कायदा अब्बांचा हात जाण्यापूर्वी अर्धशतकाहून अधिक काळ अस्तित्वात होता. ते वाचले त्या दिवशी अब्बा हयात नव्हते. तेव्हापासून रविवारी कोणी कागद घेऊन आला तर त्याला मी परत पाठवत नाही.

आता मुद्द्याकडे वळतो. एकेक दार मी दाखवितो. आपले दार कोणते ते आपण ओळखावे.

पहिले दार मालकाचे. १९२३ च्या कायद्यातील ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या नव्या कायद्यात आली आहे. कायद्याचे नाव बदलले, हिशेबाची मूळ रीत तीच आहे. कामामुळे आणि काम चालू असताना अपघात झाला तर भरपाई मालकाने द्यायची. मालकाची चूक होती की नव्हती, हे कामगाराला सिद्ध करावे लागत नाही. कंत्राटदारामार्फत काम असेल तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नाही. काम कारखान्यातच असले पाहिजे असेही नाही. ट्रॅक्टर किंवा यंत्राने चालणाऱ्या शेतीकामावरचा मजूर आणि पिकांवर कीटकनाशकाची फवारणी करणारा मजूर, यांचाही कायद्याच्या परिशिष्टात उल्लेख आहे. आपल्या तालुक्याला याहून जवळची गोष्ट कोणती असेल?

हिशेब कसा होतो तो फळ्यावर मांडल्याप्रमाणे सांगतो. विद्यार्थ्यांनी वही काढावी. समजा, एका कामगाराचे वय ३५ आणि महिन्याची मजुरी १२,००० रुपये. कायम व पूर्ण अपंगत्व आले तर मजुरीचे ६० टक्के, म्हणजे ७,२०० रुपये धरायचे. त्याला वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणायचे. ३५ वर्षांसाठी तो आकडा १९७.०६ आहे. गुणाकार १४,१८,८३२ रुपये. आता त्याचा एक हात गेला असेल, तर परिशिष्टात हात जाणे म्हणजे कमाईची शक्ती ६० टक्के जाणे असे मानले आहे. तेव्हा वरच्या रकमेचे ६० टक्के, म्हणजे सुमारे ८,५१,३०० रुपये. नुसता अंगठा गेला तर ३० टक्के, दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गेला तर ४० टक्के. आणि तोच कामगार दगावला तर मजुरीचे ५० टक्के धरतात. ६,००० गुणिले १९७.०६, म्हणजे ११,८२,३६० रुपये त्याच्या आश्रितांना. आश्रित म्हणजे विधवा, अज्ञान मुलगे, अविवाहित मुली, विधवा आई. हे सारे गणित सातवीतल्या मुलाला येते. माझ्या अम्मीला पाचशे रुपये पुष्कळ वाटले, कारण हे गणित तिला कोणी करून दाखविले नव्हते.

दुखापत बरी होण्यासारखी असेल तर कामावर परत जाईपर्यंत दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा मिळतो. दोन गोष्टी मात्र गाठीला बांधा. एक, अपघाताची खबर मालकाला ताबडतोब आणि लेखी द्या, आणि तिची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. दुसरी, दावा दोन वर्षांच्या आत दाखल झाला पाहिजे. उशिराला योग्य कारण असेल तर तो माफ होऊ शकतो, पण त्या आशेवर बसू नये. आणि मृत्यूच्या प्रकरणात मालकाने परस्पर पैसे हातावर ठेवून प्रकरण मिटवायचे नसते. ती रक्कम कायद्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जमा व्हावी लागते, म्हणजे विधवेचा आणि मुलांचा वाटा दुसरा कोणी खात नाही. चौकशी यवतमाळच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात करावी.

दुसरे दार विम्याचे आणि फंडाचे. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आणि योजना लागू असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्यांचा राज्य विमा, म्हणजे ईएसआय कापला जातो. तो कापला जात असेल तर भरपाई मालकाऐवजी विमा महामंडळ देते. कामावरच्या अपघाताने पूर्ण अपंगत्व आले तर सरासरी मजुरीच्या ९० टक्के दराने आणि अंशतः आले तर त्या प्रमाणात दरमहा रक्कम मिळते. कामगार दगावला तर त्याच दरातून विधवेला पाचातले तीन हिस्से आणि प्रत्येक मुलाला दोन हिस्से, एकूण रक्कम पूर्ण दरापेक्षा वाढणार नाही अशा बेताने, दिले जातात. शिवाय कुटुंबाचा औषधोपचार त्यात येतो.

ज्यांचा प्रॉव्हिडंट फंड कापला जातो त्यांना १६ नोव्हेंबर १९९५ पासून सुरू झालेली पेन्शन योजना लागू असते. पुष्कळांना वाटते की दहा वर्षे नोकरी झाल्याशिवाय पेन्शन नाही. म्हातारपणाच्या पेन्शनपुरते ते खरे आहे. परंतु नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आले तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी पेन्शनचा हक्क निर्माण होतो. सप्टेंबर २०१४ पासून ही पेन्शन दरमहा किमान १,००० रुपये आहे. रक्कम लहान आहे, हे मला मान्य आहे. पण ती मागे कुटुंबासाठी उरते. विधवेला पेन्शन मिळते आणि तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी पेन्शन एका वेळी दोन मुलांना, वयाच्या २५ वर्षांपर्यंत. मूलच कायमचे व पूर्ण अपंग असेल तर त्याला आयुष्यभर. मजूर बंधूंनो, फंड कापतात की नाही हे पगाराच्या चिठ्ठीवर पाहा. चिठ्ठी मिळत नसेल तर ती मागा.

तिसरे दार बांधकाम मजुरांचे. आपल्या समाजातले कितीतरी लोक गवंडी, सेंट्रिंग, फरशी, रंगकाम आणि वायरिंगच्या कामावर आहेत. ज्याने वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केले आहे आणि ज्याचे वय १८ ते ६० आहे, त्याने महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नाव नोंदवावे. नोंदीत कामगार कामावर असताना मृत्यू पावला तर वारसाला ५ लाख, ७५ टक्के किंवा अधिक कायम अपंगत्व आले तर २ लाख रुपये, आणि विधवेला वर्षाला २४,००० रुपये पाच वर्षे, असे लाभ या मंडळाने ठरविले आहेत.

पण या शाळेच्या मंडपात मला त्या मंडळाची दुसरी बाजू सांगायची आहे. त्याच नोंदणीवर पहिल्या दोन मुलांना पहिली ते सातवीपर्यंत वर्षाला २,५०० आणि आठवी ते दहावीपर्यंत ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी वर्गात ७५ टक्के हजेरी लागते. दहावी-बारावीत किमान ५० टक्के गुण मिळाल्यास १०,०००, पदवीच्या वर्गात २०,०००, इंजिनिअरिंगला ६०,००० आणि डॉक्टरीला वर्षाला १ लाख रुपये. कामगाराची पत्नी पदवीला शिकत असेल तर तिलाही. इथे बसलेल्या किती गवंडी बंधूंची नोंदणी आज चालू आहे? हात वर करायला मी सांगत नाही. आपल्या मनाशीच उत्तर द्या, आणि नूतनीकरण राहिले असेल तर उद्याच करा. अपघातानंतर नाव नोंदवता येत नाही.

चौथे दार शेतीचे. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात काय घडले ते आपण विसरलेलो नाही. कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो दवाखान्यात पडली, कित्येकांच्या डोळ्यांवर परिणाम झाला. मेलेल्यांच्या वारसांना सरकारने मदत जाहीर केली. पण त्या फवारणाऱ्यांत पुष्कळ जण दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणारे होते, आणि तिथेच खरा प्रश्न आहे. शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. २०२३ पासून विमा कंपनीऐवजी सरकार स्वतः हे अनुदान देते. मृत्यू झाल्यास किंवा दोन डोळे वा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक डोळा वा एक अवयव गेल्यास १ लाख. फवारणीची विषबाधा, सर्पदंश, वीज पडणे, हे सारे त्यात आहे. वय १० ते ७५. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे. परंतु हा लाभ सातबाऱ्यावर नाव असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातील एका सदस्याला आहे. भूमिहीन मजुराला त्यात जागा नाही. मला हे अन्याय्य वाटते, आणि आपल्या प्रतिनिधींना ते आपण सांगत राहिले पाहिजे.

तोवर भूमिहीन मजुराने काय करावे? एक तर फवारणीचा मजूर म्हणून पहिल्या दाराचा हक्क मागावा. दुसरे, बँकेत खाते असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेचा अर्ज भरून द्यावा. वय १८ ते ७० आणि वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेल्यास १ लाख. वीस रुपये म्हणजे दोन कप चहा. मे महिन्याच्या अखेरीस हप्ता कापला जातो, तेव्हा खात्यात तेवढी शिल्लक ठेवा. शिल्लक नव्हती म्हणून विमा बंद पडल्याची प्रकरणे माझ्यासमोर आली आहेत, आणि त्या घराला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही.

पाचवे दार तहसील कचेरीचे. वरची चारही दारे बंद असली तरी हे उघडे राहते. १९८० साली महाराष्ट्राने संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेली व्यक्ती, निराधार विधवा, घटस्फोटित व परित्यक्ता स्त्रिया, यांना तिच्यातून दरमहा अनुदान मिळते. वय १८ ते ६५, राज्यात पंधरा वर्षांचा रहिवास, आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. अपंगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २०२३ मध्ये अनुदान १,५०० रुपये झाले आणि अपंगांसाठी ते २,५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. दारिद्र्यरेषेखालील घरातला १८ ते ५९ वयाचा कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. तो अर्जही तहसीलमध्येच करावा. आणि वडील गेलेली किंवा आईवडील गंभीर आजारी असलेली मुले असतील तर महिला व बाल विकास विभागाच्या बालसंगोपन योजनेत दरमहा २,२५० रुपयांची तरतूद आहे. शिक्षकांनी हे विशेष लक्षात ठेवावे. असे मूल प्रथम त्यांच्याच नजरेस पडते.

या बहुतेक दारांची किल्ली एकच आहे, ती म्हणजे अपंगत्वाचे प्रमाणपत्र. आज सरकारी कागदावर "दिव्यांग" हा शब्द आहे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत. अर्ज संगणकावर भरायचा, तपासणी सरकारी रुग्णालयात व्हायची, आणि मग प्रमाणपत्र व ओळखपत्र मिळते. त्याच्यावर एसटीच्या भाड्यात ७५ टक्के सवलत आहे आणि अपंगत्व तीव्र असल्यास सोबत्यालाही ५० टक्के. बाभुळगावहून यवतमाळला फेऱ्या माराव्या लागतात, एक दिवस वाया जातो, हे खरे. पण अर्ध्यातून सोडू नका.

आता एक घरगुती गोष्ट. माझ्याकडे येणाऱ्या दहा प्रकरणांतली पाच-सहा तरी नावाच्या घोळात अडकतात. आपल्याकडे आधारवर "शेख" आधी, रेशनकार्डावर नंतर, बँकेत अजिबात नाही. मुलीच्या दाखल्यावर "परवीन", लग्नानंतर "बी". निकाहनामा कुठे ठेवला ते आठवत नाही, आणि आठवला तर उर्दूतला, त्याचे मराठी भाषांतर केलेले नाही. माणूस गेल्यावर त्याची बायको ही त्याचीच बायको आहे हे सिद्ध करत ती बाई कचेरीच्या पायऱ्या झिजवते. हे दुःख टाळता येण्यासारखे आहे. घरातले सारे कागद एका पिशवीत ठेवा : निकाहनामा, मुलांचे जन्मदाखले, शाळेचे दाखले, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, कामाचा कोणताही पुरावा. नावे एकसारखी करून घ्या. आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या स्त्रीला माहीत असू द्या.

शेवटी एक शंका. आपल्यातले काही स्वाभिमानी लोक म्हणतात, "आम्ही खैरात घेत नाही." त्यांच्या स्वाभिमानाला मी सलाम करतो, पण त्यांचा गैरसमज दूर करतो. जकात ही देणाऱ्याच्या कर्तव्याची गोष्ट आहे, आणि ती अधिक गरजवंताला पोचावी. कामावर गेलेल्या हाताची भरपाई ही खैरात नाही. ज्या कामातून मालकाने कमावले त्या कामातच तो हात गेला. ती भरपाई म्हणजे मजुरीचाच राहिलेला भाग आहे. फंडाची पेन्शन आपल्याच कामाच्या पैशातून उभी राहते. तहसीलचे अनुदान आपण काडीपेटीपासून कापडापर्यंत भरलेल्या करातून येते. आपली वस्तू परत मागण्यात लाज कसली? लाज वाटायची तर ती वाटावी की आपल्या मुलाला वाचता येते, आणि तरी शेजारच्या घरात न वाचलेल्या कागदावर अंगठा उठतो.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एकच काम सांगतो. नववीच्या पुढच्या प्रत्येकाने या वर्षी एका घराचे कागद वाचून द्यावेत. तुमच्या गल्लीत कोणी हात, पाय, डोळा गमावलेला मजूर असेल, कोणी विधवा असेल, तिच्याकडे बसा, तिची पिशवी उघडा, अर्ज लिहा, पोच घ्या, पोच त्याच पिशवीत ठेवा. अडेल तिथे तुमच्या शिक्षकांना विचारा, मला विचारा. या कामासाठी वकील व्हावे लागत नाही. मी तर आजही कारकूनच आहे.

माझी बहीण आता सत्तरीच्या घरात आहे. मागच्या महिन्यात तिच्या नातीचा दहावीचा अर्ज तिने माझ्याकडून भरून घेतला, आणि सही करण्यापूर्वी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत तो बोट ठेवून स्वतः वाचला. मी म्हणालो, "आपा, मी वाचला आहे ना!" ती म्हणाली, "तेव्हाही तूच वाचला होतास."